आईसाहेबांचा नारळ

आमच्या खोलीची मागची भिंत आणि मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या भजनखोलीची भिंत एकच होती. ती पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, वर हातभर फट होती. त्या फटीतून आमच्याकडे टाळांचा आवाज यायचा, तंबाखूचा वास यायचा, गावकीची भांडणं यायची, आणि होळी जवळ आली की नाटक यायचं.

गाव पुणे जिल्ह्यातलं, मंचरजवळ, पेठ आणि अवसरी बुद्रुकच्या मधलं, हमरस्त्यापासून थोडं आत. आम्ही तिथले नव्हतो. आम्ही मुखेडाकडचे, नांदेड जिल्ह्यातले. नवऱ्याला इथल्या एका पोल्ट्रीवर काम मिळालं, म्हणून नव्वदच्या दशकात आम्ही इकडे आलो. एसटीतून उतरलो तेव्हा एक गाठोडं आणि एक पत्र्याची पेटी एवढंच सोबत होतं. घरमालकिणीला सगळं गाव आत्या म्हणायचं. त्यांनी खोली उघडून दिली, चूल दाखवली, परातीत ज्वारीचं पीठ घातलं आणि म्हणाल्या, "आदी भाकरी टाक. बाकीचं मग बोलू." ते बाकीचं म्हणजे भाडं, अनामत वगैरे, त्यांनी पुढे कितीतरी दिवस काढलंच नाही.

माणसं चांगली होती. त्यामुळेच मला धाकधूक असायची. आपल्या हातून काही चुकेल आणि हे सगळं हातचं जाईल, असं सारखं वाटायचं. नळावर माझी पाळी आली तरी मी मागच्या बाईला आधी भरू द्यायची. शाळा सहावीत सुटलेली, म्हणून कुणी कागद पुढे केला की आधीच घाम फुटायचा. त्यात माझं बोलणं, 'करताय'ला 'करूलालाव' म्हणणारं. मी "काय करूलालाव आत्या" म्हटलं की गल्लीतली पोरं दिवसभर "करूलालाव, करूलालाव" करत फिरायची. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, पण मी हळूहळू कमी बोलायला लागले.

नाटक मला आवडायला लागलं ते बहुधा त्यामुळेच. नाटकातली भाषा कुणाचीच नव्हती. तिथं 'व्हतं' नव्हतं आणि 'करूलालाव'ही नव्हतं. 'आपण निघावं', 'गडाची वाट धरावी', असलं बोलायला गावातल्या माणसांचीसुद्धा जीभ अडखळायची. मास्तर ओरडायचे, "अरे न्हाई नव्हं, नाही. ना-ही." भिंतीच्या अलीकडे मी पण हळूच म्हणायची, नाही.

हे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. नाटक त्यांनीच लिहिलेलं, ऐतिहासिक, जुन्नरकडच्या एका गडावरचं. दरवर्षी चैत्रात जत्रेला तेच नाटक. एका तरुण शिलेदाराला रातोरात गडावर जायचंय, आणि त्याची आई त्याला निरोप देते. त्या आईला नाटकात आईसाहेब म्हणतात. हे काम वर्षानुवर्षं नाना करायचे. नाना म्हणजे चांगला उंचापुरा कांदेवाला शेतकरी, मळ्यात राहणारा. जत्रा जवळ आली की त्यांच्या मिशा जायच्या, आणि उरलेलं वर्षभर लोक त्यांना आईसाहेबच म्हणायचे. "काय आईसाहेब, मंचरला कांद्याला काय भाव निघाला?" असं भर रस्त्यात विचारायचे. नाना तोंडातली तंबाखू सांभाळत आईसाहेबांच्या थाटात उत्तर द्यायचे.

तालीम दिवेलागणीला बसायची, माणसं डेअरीला दूध घालून आली की. तीच माझी भाकरीची वेळ. त्यामुळे आईसाहेबांचं निरोपाचं भाषण माझ्या हातात बसलं. नाना म्हणायचे, "जा बाळा. गडाची वाट काळोखी आहे, पण तुझ्या वडिलांनी ती चालून ठेवली आहे. माझ्यासाठी मागे वळू नकोस. मी दारात नसेन." या 'दारात' आणि 'नसेन'च्या मध्ये नानांचा आवाज अडायचा. एक लांब, घरघरता श्वास, मग अजून एक, आणि मग 'नसेन'. तेवढ्यात माझी तव्यावरची भाकरी उलटून व्हायची. पुढे ते म्हणायचे, "मी चुलीपाशी असेन. जो परत येईल तो उपाशी येईल." इथंही 'उपाशी'च्या आधी तसाच श्वास. आईचा गळा दाटून येतो, असं मी धरून चालले होते. भिंतीला पाठ लावून मी कितीदा डोळे पुसले असतील. पहिल्या जत्रेला मी बायकांच्या घोळक्यात बसून ते पाहिलं, तेव्हाही तिथंच रडले. शेजारची बाई मात्र शेंगा फोडत होती. मला वाटलं, हिला सवय झाली असेल.

तिसऱ्या वर्षी नानांनी काम सोडलं. तोंडाला रंग-पावडर लावायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढंच कानावर आलं. त्यांच्या जागी मिशा काढायला कुणी तयार होईना. टीव्हीवर खऱ्या बायका आया होत असताना बाप्यानं लुगडं नेसलं की आता पोरं हसतात, असं मास्तरांचंही मत पडलं. पुण्याहून नटी आणली तर तिला दोन तालमींच्या वर वेळ नसतो. मग देवळाच्या भोंग्यावरून सांगण्यात आलं, की आईसाहेबांच्या कामासाठी गावातल्या महिलांनी रविवारी दुपारी भजनखोलीत यावं.

मी भांडी घासत होते. हात तिथंच थांबला. 'महिलांनी' ठीक होतं, पण 'गावातल्या' हा शब्द माझ्या मागे लागला. उठता-बसता तेच. दुपारी आत्या अंगणात गहू पाखडत होत्या, त्यांना विचारलं, "आत्या, मला गावातली धरतेत का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "नळाचं पानी भरतीस, गिरनीत दळन नेतीस, माज्या दारात बसतीस. मग कुठली हायेस तू?"

"तसं नव्हं. नाटकाला."

आता सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जा की मग. न्हाई म्हनले तर परत यिऊन भाकरी टाक."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पायावरची पोल्ट्रीची धूळ धूत होता. "आपण इथं कामाला आलोत," तो म्हणाला. मग दुसरा पाय पुढे घेत म्हणाला, "मालक नारायणगावाकडं नवीन शेड टाकूलालेत. मला तिकडं पाठवतो म्हणतेत."

"कधी?"

"अजून काही नक्की नाही."

नक्की नाही, हेच वाईट. जावं की न जावं? जाऊन न घेतलं तर? घेतलं आणि आपण नारायणगावाला गेलो तर? शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "जायचं तर जा. पण हसतील."

"हसू दे."

"मग मला कशाला विचारूलालीस?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या गावात नाटकाचं पात्र कुणाला नुसतं सांगून मिळत नसे. ज्याच्याकडे पात्र असेल त्याच्या घरी देवापाशी त्या पात्राचा नारळ असायचा. जत्रेच्या दिवशी, नाटकाच्या आधी, तो रंगमंचाच्या पायरीवर फोडायचा आणि दुसऱ्या सकाळी मारुतीपुढचा नवा नारळ त्याच माणसाच्या हातात पुढच्या वर्षासाठी द्यायचा. माणसानं पात्र सोडलं तर त्यानं आपल्या हातानं तो नारळ दुसऱ्याला द्यायचा. पंच बोलतील, मास्तर बोलतील, पण देणार तो. आईसाहेबांचा नारळ नानांच्या घरी होता.

रविवारी मी गेले तेव्हा भजनखोलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली. बायका बाहेर पारावर होत्या, बघायला. आत उभ्या राहायला आम्ही दोघीच. दुसरी डेअरीच्या चेअरमनची सून, बारावी झालेली, चाकणकडची. तिनं कडक इस्त्रीची साडी नेसली होती. मी माझी धुतलेली हिरवी. पुढे सतरंजीवर मास्तर, त्यांच्या शेजारी देवस्थानचे एक पंच, आणि भिंतीला टेकून नाना. ती तीच भिंत होती, पण पलीकडच्या बाजूनं. मी तिच्या या बाजूला कधी आले नव्हते. मला उगाच वाटलं, आपली चूल इथं ऐकू येत असेल का?

सुनेनं आधी वाचलं. छान वाचलं. आवाज स्वच्छ, कुठं अडखळली नाही. वाचून झाल्यावर पदर सारखा करत ती माझ्याकडे बघून थोडी हसली, म्हणजे धीर द्यायला. मास्तरांनी कागद माझ्या हातात दिला. अक्षरं गिचमिडीची, कार्बन लावून काढलेली. मला ती बोट लावून वाचता आली असती, पण एवढ्या माणसांत बोट कसं लावायचं?

"मला पाठ हाय," मी म्हणाले.

"पाठ? कुठनं?" मास्तरांनी चष्मा वर केला.

"भितीतून."

मागे हशा पिकला. "भितीला कान असत्यात म्हनून ऐकलं व्हतं राव, हिनं तोंड बी फोडलं," कुणीतरी म्हणालं. मास्तरांनी हात वर केला.

मी डोळे मिटले आणि सुरू केलं. जा बाळा. गडाची वाट काळोखी आहे. शब्द आपोआप येत होते. मी दारात... आणि मी तो श्वास घेतला. लांब, घरघरता. मग दुसरा. मनापासून घेतला. मग 'नसेन'. खोलीत एकदम शांत झालं. मला वाटलं, जमलं. 'उपाशी'च्या आधीचा श्वास मी आणखी जोरात घेतला.

डोळे उघडले तर माणसं तोंडावर उपरणी धरून बसलेली. पंचांचे खांदे हलत होते. बाहेर बायकासुद्धा. आणि माझे दोन्ही हात पोटापुढे, एकावर एक, भाकरी थापल्यासारखे हलत होते. मला ते कळलंच नव्हतं. मी हात खाली घेतले.

हसले नाहीत ते फक्त नाना. ते भिंतीवरून पुढे झुकले. "पोरी, ते मधी काय केलंस?"

"आईचा गळा दाटतोय ना. तुम्ही करतेत तसं."

"अगं, तो माजा दमा हाय."

आता कुणाला आवरेना. नानाही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना खरोखरच धाप लागली. तोच आवाज. मला तो इतके दिवस ओळखीचा होता, आणि तो काय आहे हे मला आत्ता कळत होतं. गावात पोरासोरांना ठाऊक, एक मी सोडून. त्यांनी खिशातून लहानसा पंप काढून तोंडात मारला, दम खाल्ला, आणि म्हणाले, "माजी जागा पायजे तर घे बाई. माजा दमा कशाला घेतीस?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्यांच्या बोलण्यात टोचणारं काही नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, जरा कौतुकानंच म्हणा. एवढ्या वर्षांत त्यांचं काम इतक्या बारकाईनं कुणी ऐकलेलं नसावं.

मग पंच बोलले. हसून झालं होतं, आता त्यांचा आवाज वेगळा होता. "काम केलंय बाईनं, न्हाई म्हनत न्हाई. पन मास्तर, ह्यो नारळाचा मामला हाय. ही भाडेकरी मानसं. उद्या मालकानं हिच्या नवऱ्याला दुसरीकडं धाडलं, तर नारळ कुठं हुडकत फिरायचं आमी? चेअरमनची सून हितंच ऱ्हानार." मग माझ्याकडे वळले. "काय बाई, पुढच्या जत्रंला हायसा का तुमी गावात?"

हो म्हणावं असं फार वाटलं. हो म्हटलं असतं तर कुणी तपासणार नव्हतं. पण मी मास्तरांचा कागद त्यांच्यापुढे परत ठेवला.

मास्तर म्हणाले, "पुढच्या रविवारी दोघींचं परत बघू. दम्याशिवाय." आणि मला, "पाठ आहे ते चांगलं आहे. आता ते विसरून परत पाठ करा."

बाहेर पडताना नाना मागून आले. "उद्या मळ्यात ये. कांदं काटायला बायका कमी पडत्यात. हातबी चालंल, तोंडबी चालंल."

मी गेले. काटणी म्हणजे उपटलेल्या कांद्याची पात विळ्यानं कापायची आणि कांदा ढिगावर टाकायचा. ओळीनं बायका बसायच्या आणि विळे चालू. नाना लिंबाच्या सावलीत बाजेवर बसून ऐकायचे. मी म्हणायची, जा बाळा, गडाची वाट, आणि 'दारात'पाशी येऊन थांबायची. श्वास घ्यायचा नाही म्हटलं की पुढचा शब्दच यायचा नाही. श्वास घेतला की लगेच 'नसेन' हजर. शब्द श्वासाला बांधलेला होता, दावणीच्या गाईसारखा. दोन दिवस हेच. बाजूच्या बाया म्हणायच्या, "आता आमालाबी दमा लागंल."

रात्री झोप लागेना. दिवसा भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्याला नारायणगावाचं काही कळलं का, हे मी रोज विचारायची, आणि तो रोज "नाही" म्हणायचा. ते ऐकून बरं वाटायचं आणि लगेच परत विचारावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी चेअरमनची सून बांधावरून आली. हातात तिची कागदाची प्रत. मला धस्स झालं. पण ती येऊन बाजेच्या टोकाला बसली आणि म्हणाली, "मी वाचते, तुम्ही माझ्यामागं म्हणा. माझ्या आवाजात ऐकलं की दमा जाईल."

"तुमालाबी तेच काम पायजे की," मी म्हणाले.

"सासऱ्यांना पाहिजे. मला तर पांढरे केस लावायचे म्हणून कसंतरी होतंय." आणि मग हसून, "पण मिळालं तर सोडणार नाही हं. हे पण सांगून ठेवते."

तिनं वाचलं, मी म्हटलं. शब्द सुटे झाले. पण भाषण मेलं. नुसतं वाचल्यासारखं व्हायला लागलं. मी म्हटलं, "नाना, आता रडूच येत नाही त्यात."

"रडू हायेच कुठं त्यात?" नाना उठून बसले. "मास्तरांनी लिवलंय ते कोरडं हाय. मला दम लागायचा म्हनून तुला रडू दिसलं. ती बाई रडत न्हाई. तिला घाई हाय. पोरगं निघालंय, चूल पेटायचीय, रात लई मोठी हाय. दारात हुभी ऱ्हायली तर मोडंल ती. म्हनून आत जातीया."

माझा विळा हातातच राहिला. आम्ही मुखेडाहून निघालो त्या दिवशी माझी आई स्टँडवर आली नव्हती. घरातूनच म्हणाली, जा, गाडी चुकंल, आणि आत वळली. मी गल्लीच्या टोकाला जाऊन मागे पाहिलं तर दारात कुणी नव्हतं, फक्त धूर होता. ते माझ्या मनात फार दिवस सलत होतं. वाटेत शिदोरी सोडली तेव्हा भाकऱ्या अजून गरम होत्या. तरी सलत होतं.

मी तिथंच कांद्याच्या पातीत बसून भाषण म्हटलं. घाईघाईनं, कुणालातरी दाराबाहेर ढकलावं तसं. मी दारात नसेन. कुठं थांबले नाही. सून कागदात बघायची विसरली. नाना म्हणाले, "कांदं काट आता. बायका पुढं गेल्या."

दुसऱ्या रविवारी खोली पहिल्यापेक्षा जास्त भरली होती. गेल्या वेळचा दमा गावभर झाला होता, सगळ्यांना तो ऐकायचा होता. सुनेनं काम चांगलं केलं, गेल्या वेळेपेक्षाही चांगलं, कारण आता तिलाही ती घाई माहीत होती. मग मी. माणसं श्वासाची वाट बघत होती, मला ते अंगावर जाणवत होतं. 'दारात' आलं. 'नसेन' त्याला चिकटूनच गेलं. कुणीतरी मागे "आँ?" केलं. मी चुलीपाशी असेन. जो परत येईल तो उपाशी येईल.

हात मात्र पुन्हा थापत होते. पोटापुढे, एकावर एक. मास्तर म्हणाले, "दमा गेला. हातांचं काय करायचं?"

"हात ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. "तिला चुलीकडं जायचंय."

पंचांनी घसा खाकरला. मला माहीत होतं काय येणार ते. "दोघींचंबी झाक झालं. पन माजा सवाल हाय तिथंच हाय. बाई, पुढच्या जत्रंला हायसा का?"

आदल्याच दिवशी नवऱ्यानं सांगितलं होतं की नवीन शेडचे पत्रे चढले. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. पाराच्या कठड्याशी आत्या उभ्या होत्या, त्यांच्याकडे माझी नजर गेली. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं.

"माहीत न्हाई," मी म्हणाले. "कदाचित नसंन."

'न्हाई' म्हणाले आणि 'नसंन' म्हणाले. मास्तरांच्या समोर उभी राहून. कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. पंचांनी मास्तरांकडे बघून हात उघडे केले, म्हणजे, झालं तर मग.

"आन् मी?" नाना म्हणाले. "मी पुढच्या जत्रंला हाये का? मला तर कुनी इचारलं न्हाई. एवढी वरसं नारळ माज्या घरात हाय, दरसाली छाती वाजती, पन एका मानसानं इचारलं न्हाई, की आईसाहेब, पुढच्या साली हायसा का."

पंच म्हणाले, "नाना, तसं न्हवं..."

"तसंच हाय." नानांनी पिशवीतून नारळ काढला. शेंडीसकट, वर्षभर देवापाशी राहून काळपट झालेला. ते उठले, तेवढ्यालाही त्यांना धाप लागली, आणि सगळी खोली ती धाप संपायची वाट बघत थांबली. मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "जाशील तिथं ने. पन जत्रंला घिऊन यायचा. एवढंच."

मी वाकून पाया पडले. हातात नारळ असल्यामुळे नीट जमलं नाही. सुनेला शिलेदाराच्या बायकोचं काम मिळालं, काळ्या केसांचं; ते करणाऱ्या बाप्यानं आपला नारळ लगेच तिला देऊन टाकला. बाहेर आत्यांनी नारळ हातात घेऊन पाहिला, परत दिला आणि म्हणाल्या, "चल. भाकरीची येळ झाली."

जत्रेला मी काम केलं. जुन्नरहून आलेल्या कपडेवाल्या चाचांनी नानांचं लुगडं माझ्या मापानं आत घेऊन दिलं. लुगड्याला अजून तंबाखूचा वास होता. भाषणात 'दारात'पाशी आले, थांबले नाही, पण पहिल्या रांगेतून, बरोबर तिथंच, तो श्वास ऐकू आला. नाना बसले होते. त्यांचा दमा जागेवर होता. दुसऱ्या सकाळी पंचांनी स्वतः नवा नारळ आणून माझ्या हातात दिला.

दिवाळीनंतर आम्ही नारायणगावाकडे गेलो. पेटी, गाठोडं, आता थोडी भांडीही होती, आणि नारळ माझ्या मांडीवर. नवीन खोलीला शेजार नव्हता, भिंतीपलीकडे कोंबड्या होत्या. संध्याकाळी भाकरी थापताना मी भिंतीकडे कान द्यायची आणि मग आठवायचं, की इथं काही नाही. फाल्गुन लागला तशी मला घरात बसवेना. नारळ देवापुढून काढून हलवून पाहिला. आत खोबरं सुटलं होतं, वाजत होतं.

नवऱ्यानं विचारलं, "कुठं निघालीस?"

"तालमीला."

त्यानं पोल्ट्रीतून उसनी आणलेली पिशवी रिकामी करून दिली.

पेठच्या फाट्यावर एसटीतून उतरले तर चहाच्या टपरीशी दोघं-तिघं बसलेले. त्यांतला एक उठला. उंचापुरा माणूस, जाड पांढऱ्या मिशांचा. मी क्षणभर ओळखलंच नाही. गेल्या साली काम सोडलं तरी सवयीनं त्यांनी मिशा काढल्याच होत्या; नानांना मिशांसकट मी त्या दिवसांत पहिल्यांदाच बघत होते.

"काय आईसाहेब," ते म्हणाले, "आलात व्हय?"

टपरीवाला माझ्याकडे बघून हसला आणि न विचारता एक चहा जास्त ओतला.

"पाठ हाय का?" नानांनी विचारलं.

"हाय."

"आन् दमा?"

"तो तुमच्याकडंच ठिवलाय," मी म्हणाले, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आत नारळ वाजला.